मागे बघायचं नाही

मी आता जे सांगणार आहे, त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये असंच मला वाटतं. माझ्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवणाऱ्या माणसाची मला मनापासून काळजी वाटते. तर ऐका. आमच्या शाळेच्या व्यायामशाळेबाहेरच्या लांब व्हरांड्यात रिलेच्या संघाचा एक जुना फोटो लावलाय. त्यात तीन जण उभे आहेत. त्यातला चौथा मी.

शाळेनं यंदा एक चांगली गोष्ट केली. आजवर जे संघ गाजले, जे खेळाडू नावाजले, त्या सगळ्यांचे फोटो माळ्यावरून, कपाटांमागून, कुणाकुणाच्या घरच्या भिंतींवरून गोळा केले, पुसले, चौकटीत बसवले आणि व्हरांड्यात ओळीनं लावले. मग एका संध्याकाळी समारंभ ठेवला. जे जुने खेळाडू अजून चालते-फिरते आहेत त्यांना बोलावलं, आणि प्रत्येक जुन्या संघाला मंचापर्यंत न्यायचं काम त्याच खेळाच्या आजच्या संघावर सोपवलं. त्यामुळे आजच्या रिलेची चार मुलं माझ्या वाट्याला आली... किंवा मी त्यांच्या.

प्रमुख पाहुणे वाटेत कुठंतरी अडकले होते. सभागृहातून माईक तपासणाऱ्याचं 'हॅलो, हॅलो' तेवढं येत होतं. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. आमची सौ. आत माईकवाल्याला त्याचं काम शिकवायला गेली होती. मी बाकावर बसलो, मुलं समोर फरशीवर बसली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला बोलतं केलं. नको मी एकदाच म्हणालो.

आधी मी त्यांना बाकीच्या फोटोंची ओळख करून दिली. हा फुटबॉलचा संघ. यांचा गोलकीपर इतका आळशी होता की समोरचेच कंटाळून चेंडू दुसरीकडे मारायचे, म्हणून यांच्यावर वर्षभर गोल झाला नाही. ही उंच उडीवाली. हिनं मधल्या सुट्टीत उडी मारली ती खाली आली तेव्हा गणिताचा तास संपत आला होता. ही पोहणारी, तलावातून बाहेर आली की पाणी थोडा वेळ तिच्या मागे मागे यायचं, लळा लागल्यासारखं. मुलं हसत होती. एकटी वेणीवाली हसत नव्हती. ती आजच्या रिलेत शेवटची पळते. ती रिलेच्या फोटोसमोर मान वाकडी करून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, यात तुम्ही कुठं आहात?"

"मी इतका वेगात होतो की कॅमेऱ्यात आलोच नाही."

"बाकीचे तिघं तर नुसते उभे आहेत."

"तेच तर. उभ्या असलेल्यांना पकडण्यात काय विशेष?"

तिनं मान डोलावली नाही. काचेवर बोट ठेवून ती म्हणाली, या मधल्या मुलीच्या आणि कडेच्या मुलीच्या मध्ये एवढी मोकळी जागा का सोडलीय? आणि कडेच्या मुलीनं एक हात असा मागे का धरलाय, तळवा उघडा ठेवून?

पोरगी हुशार होती. अशा पोरींपुढे थाप मारायची तर जरा बैठक घालून मारावी लागते. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्मे विकण्यातच जन्म गेल्यामुळे एवढं मला छान जमतं. आणि सांगायला लागलो.

त्या काळी मला सगळी शाळा थापाड्या म्हणायची. आणि त्या कडेच्या मुलीला म्हणायची फूटपट्टी. कारण ती होतीच तशी — चालणं सरळ, बोलणं सरळ, आणि समोरचा माणूस रेघभर चुकला की तिथल्या तिथं सांगणार. ती आमच्या शाळेत नवीन आली होती. खेळाचे सर तिला मैदानावर रेघा मारायला सांगायचे, कारण दोरी न लावता तिची रेघ सरळ यायची.

एका सकाळी मला सरावाला उशीर झाला. गवतावर दव होतं. मी फाटकातून पळत आत शिरलो, पण सरळ नव्हे, उलटा. म्हणजे तोंड मागे, पाय पुढे. मागे राहिलेल्या ढब्बूला मी काहीतरी सांगत होतो... माझ्या आजोबांनी घोडा दमला म्हणून घोड्यालाच खांद्यावर घेऊन नदी कशी ओलांडली, ते. घोडा पाण्याच्या मधोमध आला आणि मी कशावर तरी आपटलो. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मला वाटलं, गेलो.

ती फक्कीची बादली होती. फक्की म्हणजे मैदान आखायची ती पांढरी पूड. अख्खी बादली हवेत उडाली आणि तिचा ढग आमच्या दोघांवर सावकाश उतरला. केस पांढरे, कपडे पांढरे, भुवया पांढऱ्या. त्या सगळ्या पांढऱ्यात मला पहिल्यांदा दिसले ते दोन काळेभोर डोळे. पापण्यांवर पूड बसलेली. रागावलेले होते, पण त्यांना त्या पुडीमुळे नीट रागावता येत नव्हतं.

"दिसत नाही?" ती म्हणाली.

"दिसतं की. पण समोर इतकं काही बघण्यासारखं असेल, हे माहीत नव्हतं."

"खोटं," ती म्हणाली. "तू मागे बघत होतास."

माझ्याशी ती जे पहिल्यांदा बोलली ते हे. मग तिनं रिकामी बादली माझ्या हातात दिली आणि मोडलेली रेघ पुन्हा मारायला लावली. मी मारली. ती म्हणाली, ही रेघ आहे की गांडूळ? आणि हसली. पांढऱ्या चेहऱ्यावर ते हसू कसं दिसलं... नाही, ते सांगत नाही. तुम्ही म्हणाल, फेकतोय.

आमचे खेळाचे सर म्हणजे शिट्टीसर. शिट्टी त्यांच्या ओठांतून फक्त जेवताना निघायची, तीही वरणभात असला तरच. शाळेनं मुलामुलींच्या एकत्र रिलेत उतरायचं असं त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. पहिला ढब्बू, अंगानं गोल, पण सुटला की गडगडत जायचा. दुसरी शिडी, तिची दोन पावलं म्हणजे माझी चार. तिसरा मी. शेवटची फूटपट्टी.

"बॅटन तर तुम्ही घेताच," मी मुलांना म्हणालो, "पण आमच्या सरांचा कायदा कडक होता. पुढच्यानं मागे बघायचं नाही. मागून हाक आली की धावता धावता हात मागे. मागचा त्यात बॅटन ठेवणार. जो मागे वळून बघेल त्याचा वेग तुटतो. सर म्हणायचे, मागे बघणाऱ्याला संघात जागा नाही."

आमच्या खेळाच्या ताई पण तेच सांगतात, मुलं म्हणाली.

पण आमच्याकडे आणखी एक रीत होती, ती आता राहिली नाही. शर्यतीत सगळेच मागून ओरडतात 'हात, हात'. त्या गोंगाटात एकदा आमच्या शाळेच्या एका मुलानं शेजारच्या शाळेच्या हाकेवर हात मागे केला होता, त्यांचा बॅटन घेऊन पळाला होता आणि पहिला आला होता — त्यांच्यासाठी. तेव्हापासून सरांनी ठरवून टाकलं, प्रत्येक जोडीनं आपला एक शब्द ठरवायचा. दुसरं कुणीही मैदानावर ओरडणार नाही असा. ढब्बू आणि शिडीचा शब्द होता 'पंखा'. शिडीचा आणि माझा 'उशी'. फूटपट्टीला मी विचारलं, आपला काय? मी तिला दहा-बारा गोड गोड शब्द सुचवले. तिनं एकेक ऐकून घेतला आणि म्हणाली, "बादली."

झालं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी मैदानाच्या वळणावरून जीव खाऊन पळत यायचो आणि एका सुंदर मुलीच्या पाठीकडे बघून 'बादली' म्हणून ओरडायचो. यापेक्षा वाईट प्रेमकथा तुम्ही ऐकली असेल असं वाटत नाही.

पण तो हात... ती पुढं पळत असायची, मान ताठ, वेणी खांद्यावरून उडणारी, आणि माझी हाक गेली की तिचा हात मागे यायचा. तळवा उघडा. बोटं जराशी लांबवलेली. पुडीनं रेघा आखल्यामुळे नखांच्या कडा कायम पांढऱ्या. मी थापाड्या, माझ्या शब्दावर घरातलं मांजरसुद्धा जागचं हलत नसे. आणि ही मुलगी माझ्या एका हाकेवर, न बघता, रिकामा हात मागे करायची. मला त्याची सवय झाली. सवय कधी झाली आणि ती नुसती सवय राहिली नाही हे कधी झालं, ते मला कळलं नाही.

इथं मी जरा थांबलो. मुलांपैकी एकानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. वेणीवाली म्हणाली, "मग सांगितलंत का त्यांना?"

तीच तर गंमत.

अंतिम शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं मोजायची फीत गुंडाळत होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. फीत गुंडाळत गुंडाळत आम्ही एकमेकांकडे येत होतो, आणि मी मनातल्या मनात फीत अजून लांब असायला हवी होती असं म्हणत होतो. तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या वडिलांची बदली झाली. सामान बांधून झालंय. शर्यत झाली की निघायचं.

मी म्हणालो, तू गेलीस तर मला इथं करमणार नाही.

"खोटं," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण फीत गुंडाळायची थांबली.

मी म्हणालो, खरंच. मला तू आवडतेस. शाळा सुटल्यावर मी घरी जात नाही, व्यायामशाळेच्या मागे उभा राहून तू बादली धुतेस ते बघतो.

"परवा म्हणालास, तुझ्या आजोबांनी घोडा उचलला. काल म्हणालास, तुमच्या घरचं घड्याळ खोकतं. आणि आज म्हणतोस मी आवडते. कुठलं काय धरायचं मी?"

मी बुटाकडे बघायला लागलो. पोरांनो, लक्षात ठेवा, खोटं बोलणाऱ्याला शिक्षा कुणी करावी लागत नाही. एक दिवस त्याला काहीतरी खरं सांगायचं असतं... एवढं पुरतं.

तिनं वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तू बोलतोस तेव्हा कायम दुसरीकडे बघतोस. कधी झाडाकडे, कधी बुटाकडे. तुझा चेहरा काय म्हणतो ते मला कधी दिसतच नाही. तुला कळू न देता एकदा बघायला मिळाला असता, तर..." आणि फितीचं टोक माझ्या हातात देऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शर्यत. वारा सुटला होता. फक्कीच्या रेघा उडून मैदानावर बारीक धूर चालल्यासारखं दिसत होतं. आमची शाळा धावण्यात कधी कुणाच्या खिजगणतीत नव्हती; आम्ही अंतिम शर्यतीत पोचलो हेच लोकांना छापखान्याची चूक वाटत होतं. ढब्बू गडगडला. शिडीनं दोन-तीन जणांना मागे टाकलं. 'उशी' अशी हाक आली, बॅटन माझ्या हातात पडला, आणि मी जो सुटलो...

आता इथं मी मुलांना जे सांगितलं त्यात थोडंफार मीठ आहे. मी इतक्या वेगात पळालो की माझी सावली वळणावर मागे राहिली आणि तिला नंतर परत आणावं लागलं. वगैरे. पण एवढं खरं की मी पळताना पुढच्या माणसांकडे बघत नव्हतो. वळण संपलं, आणि लांबवर ती उभी दिसली, पाठमोरी, एक पाय पुढे. त्या एका पाठीशिवाय मला मैदानावर काही दिसत नव्हतं. मी सगळ्यांच्या पुढे होतो हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

मी ओरडलो, "बादली!"

जन्मात कधी एवढा खरा शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. कावळे उडाले. पंचांची टोपी पडली. तिचा हात मागे आला, मी बॅटन दिला, ती सुटली... आणि शेवटच्या रेघेवर दुसऱ्या शाळेची मुलगी तिच्या केसभर पुढे होती. केसभर म्हणजे अक्षरशः. त्या मुलीचे केस मोकळे असते तर आम्ही जिंकलो असतो की हरलो असतो, यावर ढब्बू नंतर जन्मभर वाद घालत राहिला. तो आता नाही. शिडी आत पहिल्या रांगेत बसलीय, नवा गुडघा घेऊन.

"दुसरे आलात?" चष्मिस मुलगा म्हणाला. "मग इथं फोटो का?"

अरे बाळा, त्याआधी आमची शाळा शेवटून पहिली यायची. दुसरा नंबर आला तेव्हा मुख्याध्यापकांना पाणी द्यावं लागलं.

पण शिट्टीसरांच्या डोक्यात तो एक केस अडकला. त्यांनी आम्हा चौघांना रांगेत उभं केलं आणि शिट्टी तोंडातून काढली. म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाले, शेवटच्या बदलापर्यंत आपण चांगले दोन हात पुढे होतो. तिथं वेग तुटला. का तुटला? ज्यानं बदल बिघडवला तो संघाच्या फोटोत उभा राहणार नाही.

पलीकडे कुंपणापाशी फूटपट्टीचे वडील उभे होते, मुलीला न्यायला आलेले. मान अभिमानानं अशी वर. फूटपट्टीनं तोंड उघडलं... बहुधा तिला शिंक येत असावी, हवेत फक्की फार होती... पण त्याआधी मीच बोलून गेलो. सर, माझ्या बुटाचा तळवा सुटला. मी अडखळलो.

सरांनी खाली वाकून माझा बूट बघितला. बराच वेळ बघितला. तळवा तोपर्यंत परत चिकटला होता. तेव्हाचा गोंद फार चांगला असायचा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "बरं. फोटोत तू नाहीस."

म्हणून फोटोत तिघं. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, ताई, जरा आत सरका, मध्ये फार जागा राहतेय. फूटपट्टी सरकली नाही. एका माणसाच्या रुंदीएवढी जागा तिनं सोडून ठेवली आणि हात मागे केला. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा होतो. ती कॅमेऱ्याकडे बघत होती असं सगळ्यांना वाटतं.

"आणि मग त्या गेल्या?" वेणीवालीनं विचारलं. आता ती फरशीवर येऊन बसली होती.

गेली. सामानाचा ट्रक आमच्या गल्लीवरून गेला. ती मागच्या बाजूला गाद्यांवर बसली होती, तोंड पुढच्या दिशेला, पाठ मागच्या रस्त्याकडे. आणि तिचा एक हात मागे होता, फळीबाहेर, तळवा उघडा. किती वेळ तसा धरून होती कुणास ठाऊक. मी पळालो. चढ लागला, उतार लागला, पुढचं गाव लागलं, तिथं मी पाणी प्यायलो, परत ट्रक गाठला...

"आजोबा."

बरं, कोपऱ्यापर्यंत पळालो. ट्रक तिथं वळण्यासाठी थांबतो. मी म्हणालो, बादली. हळू म्हणालो. आणि शर्यतीनंतर खिशात घातलेला बॅटन तिच्या हातात ठेवला. तिची बोटं मिटली. ट्रक वळला. मी तिथंच उभा राहिलो, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं.

तो बॅटन शाळेचा होता. सरांनी वर्षभर शोधला. आता व्हरांड्याच्या टोकाला काचेच्या कपाटात ठेवलाय, 'एका माजी खेळाडूकडून भेट' म्हणून. स्वतःचीच वस्तू भेट मिळालेली ही बहुधा पहिलीच शाळा.

मुलं माना वळवून कपाटाकडे बघायला लागली. मग त्यातल्या एकाला राहवलं नाही. परत भेटलात की नाही, एवढं सांगा.

मध्ये पुष्कळ दिवस गेले. मी चष्म्याचं दुकान टाकलं. लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि त्यांना दिसत नाही हे त्यांना पटवून द्यायचं, हा धंदा मला शोभला. लग्नाचं घरात निघालं की मी अशा काही थापा मारायचो की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठायचे. आई म्हणायची, याचं काही होणार नाही. मग एक दिवस शेजारचा शिंपी म्हणाला, चौकात दातांची नवी डॉक्टर आलीय, लहानपणी इथंच शिकली म्हणे, फार सरळ बोलते. माझा दात दुखायला लागला.

"खरंच दुखत होता?" वेणीवाली.

आधी नव्हता. मग मी दुखवला.

दवाखान्यात खुर्चीवर बसलो. दिवा डोळ्यांवर. तोंडावर पट्टी बांधलेली डॉक्टर पुढं झाली, आणि मला फक्त दोन डोळे दिसले. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं तीच संधी साधून गालात कापूस कोंबला. दोन्ही बाजूंनी.

"आता बोलता येणार नाही," ती म्हणाली. "कधीची वाट बघत होते मी याची."

मागच्या फळीवर, तिच्या चिमट्यांच्या आणि आरशांच्या शेजारी, तो बॅटन उभा केलेला होता.

"लग्न झालंय?"

मी मान हलवली. नाही.

"कुणाचं तरी वाटोळं व्हायचं वाचलं. करायचंय?"

मी मान हलवली. हो.

ती दिवा जरा बाजूला करून माझ्याकडे बघत राहिली. दुसरीकडे बघायची मला सोय नव्हती. मान खुर्चीत अडकलेली. "फीत गुंडाळताना जे म्हणाला होतास... ते अजून तसंच आहे?"

मी इतक्या जोरात मान हलवली की तिच्या हातातला आरसा पडला. जन्मातली ही माझी एकमेव गोष्ट, जी मी एक शब्दही न वापरता सांगितली. त्यामुळेच बहुधा ती पटली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती. खांदे हलत होते. दात तिनं काढला नाही.

तेव्हापासून घरात मी बोलतो आणि ती 'खोटं' म्हणते. संसार असाच चाललाय. चारचौघांत मात्र मला 'अहो, तुम्ही' म्हणते, दवाखान्याची इभ्रत असते म्हणून. मी जास्त बोलायला लागलो की नुसतं 'आ करा' म्हणते. मी आपोआप गप्प होतो.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. पाहुणे आले असावेत. मुलं उठली, कपडे झटकले. वेणीवाली उठली नाही. ती पुन्हा फोटोकडे बघत होती.

"आजोबा, एक कळलं नाही. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. पण तुमच्या बोलण्यावर तर त्यांचा विश्वासच नव्हता. मग कसं माहीत होतं?"

"आवाजावरून," मी म्हणालो. "ती 'बादली' अशी काही गेली होती की —"

"आणि शर्यत तुमच्यामुळे हरली? तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे होता. अडखळलात कधी?"

"बदल करताना. मधमाशी चावली मला ऐन वेळी, पायाला."

"मघाशी तळवा सुटला म्हणालात."

"तळवा सुटला होता म्हणून तर चावली. नाहीतर बुटातून कशी चावेल?"

ती हसली नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी गेली. मग बाकीच्यांचीही गेली. एकानं तोंडावर हात ठेवला. माझ्या मागे पावलं थांबल्यासारखं वाटलं. औषधी साबणाचा तो वास मी अंधारातही ओळखतो. पण मी मान वळवली नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

"हे बघ पोरी," मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "चूक माझी होती, शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनाही शेवटपर्यंत तेच ठाऊक होतं. ती फूटपट्टी होती, फूटपट्टी. माझी हाक गेली तेव्हा तिची मान रेघेसारखी सरळ होती. तिनं मागे बघितलंच नाही."

मागून एक हात आला आणि माझ्या खांद्यावर राहिला.

"खोटं," ती म्हणाली, मुलांसमोर, शिडीसमोर, दारात येऊन उभ्या राहिलेल्या सगळ्या सभेसमोर. "मागे मी बघितलं होतं. तुझा चेहरा बघायचा होता मला. आणि तुला हे तेव्हापासून माहीत आहे."